नोट्स कोणाच्या मालकीच्या?

विद्यापीठाची परीक्षा महिनाभरावर आली की कॉलेजच्या आसपासच्या झेरॉक्सच्या दुकानांत गर्दी वाढू लागते. कामठीत वाढते, नागपुरात वाढते, आपल्या गावीही वाढत असेल. काउंटरवर स्पायरल बाइंडिंग केलेले गठ्ठे रचलेले असतात. प्रत्येकावर जाड स्केचपेनने विषय, सत्र आणि सरांचे किंवा मॅडमचे नाव लिहिलेले असते. विद्यार्थी पुस्तकाचे नाव सांगत नाहीत. 'अमुक सरांच्या नोट्स द्या' असे म्हणतात, पैसे देतात आणि गठ्ठा घेऊन जातात. अलीकडे थोडे जास्त पैसे दिले की पी.डी.एफ.ही मोबाइलवर येते.

हा व्यवहार इतका अंगवळणी पडला आहे की त्यात नेमके काय विकले जाते आणि ते विकण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. आम्ही तो ओळखीच्या काही शिक्षकांना मुद्दाम विचारून पाहिला. 'ज्यांनी लिहिल्या त्यांच्या', असे काही जण म्हणाले. 'कॉलेजच्या, पगार कशाचा घेतात?' असे काहींनी ऐकवले. आणि बऱ्याच जणांनी हसून सांगितले, 'कोणाच्याच नाहीत हो. सगळे पुस्तकातूनच तर घेतलेले असते!' गंमत अशी की या तिन्ही उत्तरांत तथ्य आहे.

शेवटच्या उत्तरापासून सुरुवात करू, कारण विज्ञानाच्या शिक्षकाला तेच सर्वांत जवळचे वाटते. न्यूटनचे नियम, ओहमचा नियम, आवर्तसारणी यांवर कोणाची मालकी असणार? मग त्यांवरच्या नोट्सवर तरी कशी असेल?

समजा, कामठीतल्या एका शिक्षिकेला प्रकाशाचे अपवर्तन शिकवायचे आहे. कामठी हे छावणीचे गाव. इंग्रजांनी १८२१ साली येथे लष्करी छावणी वसवली. त्यामुळे कवायत कशी असते हे येथील मुलांना वेगळे सांगावे लागत नाही. शिक्षिका म्हणते, सैनिकांची एक लांब रांग खांद्याला खांदा लावून कोरड्या मैदानावरून चालते आहे आणि पुढे चिखल आहे. मैदान आणि चिखल यांची सीमा रांगेला समांतर नाही, तिरकी आहे. रांगेचे जे टोक आधी चिखलात उतरते त्याचा वेग मंदावतो. दुसरे टोक अजून कोरड्या जमिनीवर असते, ते पूर्वीच्याच वेगाने पुढे जात राहते. परिणामी सगळी रांग वळते आणि तिच्या चालण्याची दिशा बदलते. प्रकाशतरंग हवेतून काचेत शिरताना असाच वळतो. मग ती एक उदाहरण सोडवून दाखवते. चिखलात वेग बरोबर निम्मा झाला आणि सीमेच्या लंबाशी ३० अंशांचा कोन करून रांग आली, तर आत शिरल्यावर कोन किती? साइन ३० अंश म्हणजे ०.५, त्याचा निम्मा ०.२५, म्हणून कोन सुमारे साडेचौदा अंश. 'पंधरा अंश' असे उत्तर वर्गातली निम्मी मुले देतात. निम्मे व्हायचे ते साइनचे मूल्य, कोन नव्हे, हे ती चौकटीत लिहून ठेवते.

ही दोन पाने तिच्या नोट्समध्ये आहेत. त्यांतले तिचे काय? अपवर्तनाचा नियम स्नेलने १६२१ च्या सुमारास मांडला. तो तिचा नाही, आता तर स्नेलचाही नाही. साइनचे कोष्टक तिचे नाही. चालत्या रांगेची उपमादेखील जुनी आहे, आणि ती तिला प्रथम सुचली असती तरी नुसत्या कल्पनेवर कायदा मालकी देत नाही. पण वाक्ये, त्यांचा क्रम, तिने काढलेली आकृती, मुले नेमकी कोठे अडखळतात हे ओळखून घातलेली चौकट, ही मांडणी तिची आहे. कॉपीराइट म्हणजे स्वामित्वहक्क मिळतो तो या मांडणीला. कल्पना, तथ्ये, नियम सर्वांना मोकळे राहतात. शेजारच्या कॉलेजातले सर तीच उपमा घेऊन स्वतःच्या शब्दांत दोन पाने लिहू शकतात. तिची दोन पाने जशीच्या तशी छापून विकू शकत नाहीत.

हा फरक स्पष्ट होत गेला तो बराचसा शिक्षणक्षेत्रातल्याच खटल्यांमधून. १९१६ साली लंडनमध्ये मॅट्रिकच्या गणिताच्या प्रश्नपत्रिकांवरून वाद झाला. एका प्रकाशकाने त्या उत्तरांसह छापल्या. त्याचा बचाव काहीसा आपल्या शिक्षकमित्रांसारखाच होता : यात नवे ते काय? गणिते तर सर्व गणितज्ञांच्या सामाईक साठ्यातली! न्यायालयाने ते मान्य केले नाही. साठा सामाईक असला तरी त्यातून निवड करून प्रश्न रचण्याचे काम परीक्षकांनी स्वतः केले होते, कोणाचे पाहून उतरवले नव्हते, आणि कायद्याला तेवढी नवता पुरते, असा निर्णय झाला. त्याच निकालात आणखी एक मुद्दा होता. परीक्षक विद्यापीठाचे नोकर नव्हते, मानधनावर काम करणारे होते. म्हणून प्रश्नपत्रिकांचे मूळ मालक ते ठरले, विद्यापीठ नव्हे. विद्यापीठाकडे हक्क आला तो वेगळ्या अटीने. हा मुद्दा पुढे आपल्या उपयोगी पडेल.

दुसरा खटला आपल्या मुंबईचा. मॅकमिलन कंपनीने प्लूटार्कच्या सिकंदर-चरित्राच्या सोळाव्या शतकातल्या इंग्रजी भाषांतराचा जवळपास निम्मा भाग गाळून, उरलेल्याला टिपा जोडून विद्यार्थ्यांसाठी पुस्तक काढले. पाठोपाठ मुंबईच्या के. अँड जे. कूपर या शालेय पुस्तकांच्या प्रकाशकांनी तसेच पुस्तक काढले. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले आणि १९२३ साली निकाल लागला. मूळ मजकूर जुना, कोणाच्याही मालकीचा नसलेला. त्यातले उतारे गाळून बाकीचे जोडण्यात मॅकमिलनचे असे काही उभे राहिले नव्हते, म्हणून त्या भागावर हक्क नाही. टिपा मात्र अभ्यासाने आणि कौशल्याने लिहिलेल्या होत्या. त्यांवर हक्क आहे आणि कूपर यांनी त्याचा भंग केला आहे. म्हणजे 'नोट्स'ना स्वतंत्र संरक्षण आहे हे आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच ठरून गेले.

नुसते कष्ट मात्र पुरत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या प्रकरणात ते स्पष्ट केले. वाद न्यायनिर्णयांच्या संपादित प्रतींचा होता. श्रम आणि पैसा खर्च केला एवढ्याने हक्क मिळत नाही, थोडीतरी स्वतःची निर्मिती आणि विचारपूर्वक केलेली निवड दिसली पाहिजे, असे न्यायालय म्हणाले. पुढच्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयात अकरावीच्या गणिताच्या गाइडचे प्रकरण आले. ऑक्सफर्डच्या पाठ्यपुस्तकात उदाहरणे आणि शेवटी नुसती उत्तरे होती; गाइडवाल्याने प्रत्येक उदाहरण पायरी-पायरीने सोडवून दाखवले होते. न्यायालयाने गाइडला मनाई करण्यास नकार दिला. गणिताचे सत्य मोजक्याच प्रकारांनी मांडता येते, त्यावर मक्तेदारी देता येत नाही, आणि पायऱ्या दाखवणे हे वेगळे काम आहे, असा त्याचा रोख होता. या निकालामुळे गाइडविक्रेत्यांना बळ मिळाले हे खरे. पण विज्ञानाच्या दृष्टीने तो आम्हाला योग्य वाटतो. वर्गसमीकरण सोडवण्याची रीत कोणाच्या तिजोरीत ठेवायची?

आता दुकानातल्या गठ्ठ्याकडे या निकषाने पाहू. काही गठ्ठे खरोखर शिक्षकाच्या हातून उतरलेले असतात : वर्षानुवर्षे शिकवून घासलेले, स्वतःच्या आकृत्या असलेले. बरेचसे मात्र तीन पुस्तकांतले उतारे शिवून केलेले असतात, आकृतीखालचा मूळ क्रमांकसुद्धा तसाच राहिलेला असतो. अशा गठ्ठ्यात शिक्षकाच्या मालकीची फक्त शिवण. उतारे मूळ लेखकांचे किंवा त्यांच्या प्रकाशकांचे. तो वर्गात वापरणे वेगळे आणि विकणे वेगळे. याचा खुलासा पुढे करूच.

शिक्षिकेची ती दोन अस्सल पाने तरी तिचीच आहेत का? येथे 'पगार कशाचा घेतात' हे दुसरे उत्तर पुढे येते, आणि ते झटकून टाकण्यासारखे नाही.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे सतरावे कलम सांगते की लेखक हाच पहिला मालक. लगेच अपवादही सांगते. नोकरीच्या करारानुसार, नोकरीचे काम म्हणून जे लिहिले गेले त्याचा पहिला मालक नोकरीवर ठेवणारा. उलट काही ठरलेले असेल तर गोष्ट वेगळी. शिक्षकांसाठी या कलमात वेगळी सवलत नाही.

'पण मी त्या घरी, रात्री बसून लिहिल्या!' असे पुष्कळ शिक्षक म्हणतात. कामठीत या युक्तिवादाचे उत्तर विडीच्या धंद्याने केव्हाच दिले आहे. विडी कामगारांची संघटना उभी करणारे बाबू हरदास हे कामठीचेच. या धंद्यात ठेकेदार तेंदूची पाने आणि तंबाखू मोजून देतो, बाई घरी बसून विड्या वळते आणि मोजून परत देते. घरी वळली म्हणून विडी तिच्या मालकीची होत नाही. जागा आणि वेळ यांवरून मालकी ठरत नाही, ती कोणत्या बोलीवर काम केले यावरून ठरते. अर्थात ही तुलना फार ताणता येत नाही. विडीतला तंबाखू ठेकेदाराचा असतो. नोट्समधला कच्चा माल, म्हणजे स्नेलचा नियम, संस्थेने मोजून दिलेला नसतो. शिक्षकाला नेमले जाते ते तास घेण्यासाठी. नोट्स लिहिणे हा त्या नोकरीचाच भाग, की ते काम नीट व्हावे म्हणून त्याने स्वतःहून केलेली तयारी? खरी मेख येथे आहे.

इंग्लंड-अमेरिकेतल्या न्यायालयांनी यावर शिक्षकाच्या बाजूने कौल दिलेला आढळतो. ग्लासगोच्या एका पुस्तकविक्रेत्याने तेथील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक केअर्ड यांची वर्गातली व्याख्याने छापून विकली. १८८७ साली हाउस ऑफ लॉर्ड्‌सने ठरवले की वर्गात बोलणे म्हणजे साऱ्या जगाला वाटून टाकणे नव्हे. विद्यार्थ्याने ते शिकण्यासाठी उतरवून घ्यावे, विकण्यासाठी नाही. १९५२ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयाने एका व्यवस्थापन-सल्लागाराची व्याख्याने त्याचीच मानली, जरी तो एका कंपनीचा नोकर होता आणि व्याख्यानांच्या तयारीला कंपनीचा हातभार लागला होता. आपल्या झेरॉक्सच्या दुकानाशी सर्वांत जुळणारा खटला मात्र १९६९ चा कॅलिफोर्नियातला. तेथे 'क्लास नोट्स' नावाचा धंदाच होता. पैसे देऊन एका विद्यार्थ्याला मानवशास्त्राच्या वर्गात बसवायचे, त्याने उतरवलेले टंकलिखित करायचे आणि विकायचे. प्राध्यापक न्यायालयात गेले. धंदेवाला म्हणाला, हक्क असलाच तर विद्यापीठाचा, यांचा नाही. न्यायालयाने उलट विचारले की प्राध्यापक एका विद्यापीठातून दुसऱ्यात जातात. व्याख्याने विद्यापीठाची मानली तर नव्या ठिकाणी त्यांनी तोच विषय कसा शिकवायचा? निकाल प्राध्यापकांच्या बाजूने लागला.

या निकालांमागचे तर्क आपल्याला उपयोगी आहेत, पण परदेशी निकाल आपल्या न्यायालयांना बंधनकारक नाहीत. शिवाय आपली रचना निराळी. कामठीचे पोरवाल महाविद्यालय घ्या किंवा विदर्भातले असेच दुसरे कोणतेही. महाविद्यालय चालवते एक संस्था, ते संलग्न असते नागपूर विद्यापीठाशी. अनुदानित जागेवरच्या प्राध्यापकाची नेमणूक संस्था करते, पगाराचे अनुदान राज्य सरकार देते, अभ्यासक्रम आणि परीक्षा विद्यापीठाची. उद्या नोट्सवर हक्क सांगायचा झाला तर सांगणार कोण? पगाराचा पैसा सरकारचा असला तरी नोकरीचा करार संस्थेशी असतो, म्हणून सतराव्या कलमाचा धागा संस्थेकडे जातो. विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागांतल्या प्राध्यापकांची स्थिती आणखी वेगळी. कायद्याने स्थापन झालेल्या संस्थेच्या निर्देशावरून किंवा नियंत्रणाखाली तयार झालेल्या लेखनाची पहिली मालकी त्या संस्थेची, असे एक पोटकलम आहे, आणि विद्यापीठे कायद्यानेच स्थापन झालेली असतात. मात्र प्राध्यापकाने आपणहून काढलेल्या टिपणांना 'निर्देशावरून तयार झालेले' म्हणणे आम्हाला ओढाताण वाटते.

आणि तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक? आज कितीतरी महाविद्यालयांचा भार त्यांच्या खांद्यावर आहे. तासाला ठरलेले मानधन, सत्र संपले की काम संपले. लंडनच्या त्या परीक्षकांशी त्यांचे बरेच साम्य आहे. नोकरीचा करार आणि मानधनावरचा कामाचा करार यांत कायदा फरक करतो. दुसऱ्या प्रकारात लेखन लिहिणाऱ्याचेच राहते. एखाद्या महाविद्यालयाने सत्राच्या शेवटी अशा शिक्षकाला 'तुमच्या नोट्स आणि स्लाइड्‌स जमा करा' असे सांगितले, तर लेखी कराराशिवाय मालकी त्या मागणीने बदलत नाही. दुर्दैवाने ज्याला पुढच्या जूनमध्ये पुन्हा बोलावणे हवे असते तो हे बोलून दाखवत नाही.

जेथे विद्यापीठ स्वतः साहित्य लिहून घेते तेथे मात्र घोळ नसतो. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये सुरू झाले. त्याची पाठ्यपुस्तके ठिकठिकाणच्या प्राध्यापकांनी मानधन घेऊन लिहिली. हक्क विद्यापीठाचे, पुस्तकावर तसे छापलेले. दिल्लीच्या इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची पद्धत तीच. नागपूरला महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ होते. भारतीय भाषांत विद्यापीठीय पुस्तके व्हावीत म्हणून केंद्र सरकारने १९६८ च्या सुमारास प्रत्येक राज्यासाठी एक कोटी रुपयांची योजना आखली, त्यातून त्याने मराठीत पुस्तके लिहवून घेतली. जुन्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत ती अजून दिसतात. आणि भौतिकीच्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असलेली फाइनमन यांची व्याख्याने? ती त्यांनी कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत १९६१ ते १९६३ या काळात पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना दिली. पुस्तकांवर हक्क संस्थेचा आहे. २०१३ पासून ती संगणकावर फुकट वाचता येतात, छापील प्रती अजून विकल्या जातात. आम्हा संशोधकांना हे सगळे नवे नाही. शोधनिबंध छापून यावा म्हणून आम्ही हक्काच्या कागदावर सही करून देतो, आणि पुढे आपलाच निबंध वाचण्यासाठी ग्रंथालयाला वर्गणी भरावी लागते.

आता वर्गात वापरणे आणि विकणे यांतल्या फरकाकडे येऊ. कायद्याच्या ५२ व्या कलमात अशी कृत्ये सांगितली आहेत की ज्यांनी हक्काचा भंग होत नाही. त्यांत शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने 'शिकवण्याच्या ओघात' केलेली नक्कल येते, प्रश्नपत्रिकेत वापरलेला मजकूर येतो आणि उत्तरपत्रिकेत लिहिलेलाही येतो. ही सवलत किती दूरवर जाते, याचा कस दिल्लीत लागला. दिल्ली विद्यापीठाच्या अर्थशास्त्राच्या संकुलात एक झेरॉक्सचे दुकान होते. प्राध्यापकांनी वेगवेगळ्या पुस्तकांतली प्रकरणे निवडून यादी द्यायची, दुकानदाराने त्यांचे गठ्ठे करून विद्यार्थ्यांना द्यायचे. २०१२ साली ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी विद्यापीठावर आणि दुकानदारावर दावा लावला.

१६ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने तो फेटाळला. डिसेंबरमध्ये दोन न्यायाधीशांच्या पीठाने तपशिलाच्या काही मुद्द्यांवर सुनावणी व्हावी असे सांगितले, पण मूळ भूमिका कायम ठेवली आणि गठ्ठ्यांना मनाई केली नाही. 'शिकवण्याचा ओघ' म्हणजे केवळ घंटा ते घंटा असा तास नव्हे. अभ्यासक्रम ठरण्यापासून परीक्षेपर्यंतचा सारा काळ त्यात येतो. शिकवण्यासाठी जेवढे आवश्यक तेवढे घेता येते. प्रत विद्यार्थ्याने स्वतः काढली की दुकानदाराकडून काढून घेतली, याने फरक पडत नाही. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. अमेरिकेत याच प्रकारच्या गठ्ठ्यांबद्दल १९९१ आणि १९९६ मध्ये दुकानांच्या विरोधात निकाल गेले होते. तेथे न्यायालयांनी दुकानाचा नफा पाहिला, येथे शिक्षणाची गरज पाहिली. जेथे मूळ पुस्तकाची किंमत विद्यार्थ्याच्या महिन्याच्या खानावळीहून जास्त असते तेथे हे योग्यच झाले असे आम्हाला वाटते.

पण या निकालाचा आधार घेऊन वाटेल ते विकता येते अशी जी समजूत पसरली आहे ती चुकीची आहे. दिल्लीतले गठ्ठे त्या त्या वर्गासाठी, शिक्षकांनी ठरवलेल्या यादीनुसार होते आणि विद्यार्थी देत होते ते प्रत काढण्याचे पैसे. एखाद्या दुकानदाराने आमच्या शिक्षिकेची पाने तिला न विचारता छापली, नफ्याची किंमत लावली आणि दहा कॉलेजांच्या मुलांना विकली, तर त्यात शिकवणे कोठे आले? तो सरळ हक्कभंग आहे आणि त्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. तिने हक्काची नोंदणी केलेली नाही ही सबब चालत नाही. हक्क लिहिल्याक्षणी निर्माण होतो, नोंदणी ऐच्छिक असते. तसेच तीन पुस्तके शिवून केलेला गठ्ठा शिक्षकाने स्वतःच्या नावाने छापून बाजारात आणला, तर तोही या सवलतीबाहेर जातो. पुस्तक संकलनाचे असेल तर एक वेगळी मुभा आहे. मुख्यतः हक्कमुक्त मजकुराच्या शैक्षणिक संग्रहात दुसऱ्याचे छोटे उतारे घेता येतात. पण एकाच प्रकाशकाला पाच वर्षांत एका लेखकाचे दोनच.

समजा, सगळे कायदेशीर आहे. नोट्स अस्सल आहेत, शिक्षकाच्याच आहेत, संस्थेची हरकत नाही आणि तो स्वतः त्या विकतो आहे, आपल्याच वर्गाला. कॉपीराइटचा कायदा येथे गप्प बसतो. आमच्या मते खरी अडचण येथेच सुरू होते.

वर्गात साठ मुले आहेत, गठ्ठ्याची किंमत दीडशे रुपये. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण सरांच्या हातात. सर एक शब्दही बोललेले नसतात, तरी साठांपैकी किती मुले 'नको' म्हणतील? बाजारात गिऱ्हाइकाला नकार देण्याची मुभा असते, म्हणून किंमत आणि दर्जा यांना काही अर्थ राहतो. येथे ती मुभा कागदावरच असते. शिवाय विकल्या जाणाऱ्या नोट्सचे रूप हळूहळू बदलते. मुलांना जे खपते ते 'अपेक्षित', आणि प्रश्न काढणारा व नोट्स विकणारा एकच असेल तर अपेक्षित म्हणजे काय ते तोच ठरवतो. चालत्या रांगेची उपमा गळते, साडेचौदा अंशांची चौकट गळते. राहते फक्त 'व्याख्या लिहा' आणि तिचे पाच ओळींचे उत्तर. विषय शिकवण्यासाठी लिहिलेले साहित्य परीक्षा उरकण्याचे साहित्य होते. पहिली ते आठवीच्या शिक्षकांना खासगी शिकवणीची बंदी शिक्षणहक्क कायद्याच्या २८ व्या कलमात २००९ सालीच आली. तिच्यामागचे कारण हेच आहे : ज्याच्या हाती गुण आहेत त्याच्या हाती गल्ला असू नये.

याचा अर्थ शिक्षकाने पुस्तक लिहून पैसे मिळवू नयेत असा नाही. चांगले पाठ्यपुस्तक लिहिणे हे मोठे काम आहे आणि त्याचा मोबदला मिळालाच पाहिजे. ते पुस्तक इतर कॉलेजांतले शिक्षकही निवडू शकतात, त्यावर टीका होऊ शकते, ते ग्रंथालयात ठेवता येते. स्वतःच्या वर्गापुरत्या गठ्ठ्याला ही कसोटी कधीच लागत नाही. काही शिक्षक मधला मार्ग काढतात. मूळ प्रत ग्रंथालयात ठेवतात आणि मुले फक्त प्रत काढण्याचा खर्च देतात. काही जण नोट्स संगणकावर सर्वांना खुल्या करतात. आय.आय.टी. आणि बंगळूरच्या विज्ञान संस्थेने २००३ पासून एन.पी.टी.ई.एल. या उपक्रमात आपली व्याख्याने अशीच मोकळी केली. अमेरिकेतल्या एम.आय.टी.ने २००१ मध्ये हे जाहीर केले तेव्हा त्याआधी तेथील समितीने ती विकून पाहण्याचाही विचार केला होता, आणि तो सोडून दिला. खुले करताना 'नाव ठेवून कोणीही वापरावे, विकू नये' अशी एक ओळ पहिल्या पानावर लिहिली तर पुढचा गोंधळ टळतो. नाव आणि तारीख तर प्रत्येक पानावर असावी. मालकी दुसऱ्याकडे गेली तरी लेखक म्हणून ओळखले जाण्याचा आणि आपल्या लेखनाची मोडतोड होऊ न देण्याचा हक्क लेखकाकडेच राहतो. ५७ वे कलम त्यासाठीच आहे.

गाइड काढणारे प्रकाशक चांगल्या शिक्षकांच्या नोट्स एकरकमी पैसे देऊन घेतात, आणि घाईत कागदावर सही होते. अशा वेळी १९ वे कलम लक्षात ठेवावे. हक्काचे हस्तांतरण लेखी आणि सही केलेले हवे; कोणते लेखन, कोणते हक्क, किती मुदत आणि कोणता प्रदेश हे त्यात लिहिलेले हवे. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. प्रकाशकाने मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही, आणि करारात तसे काही वेगळे म्हटले नसेल, तर तो सुटतो. मुदत आणि प्रदेश यांचे हे नियम १९९४ च्या दुरुस्तीने आले आणि १९९५ पासून लागू झाले, त्याआधीच्या करारांना ते लागत नाहीत. पण त्यानंतर कधी असा कागद केला असेल आणि त्यावर मुदतीचा रकाना कोरा राहिला असेल, तर कपाटातून तो काढून सहीखालची तारीख पाहावी. पाच वर्षे उलटली असतील तर त्या नोट्स पुन्हा आपल्या झाल्या आहेत.